डॉक्युमेंट ॲपच्या बीटा चाचणीत सामील व्हावं का?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. मी भाषांतरं करते, आणि गेली दोन वर्षं त्यातलं बरंचसं काम फोनवर नाहीतर टॅबवरच होतं. एकच डॉक्युमेंट ॲप वापरते. लिहिणं त्यातच, कागद स्कॅन करणं त्यातच, पीडीएफवर खुणा करणंही त्यातच. काल प्ले स्टोअरवर त्या ॲपचं पान उघडून खाली जात होते तर 'बीटामध्ये सामील व्हा' असं दिसलं, म्हणजे पुढची आवृत्ती पक्की व्हायच्या आधीच वापरून बघायची. पुढच्या आवृत्तीत पीडीएफ एक्स्पोर्ट सुधारलाय आणि मराठी मजकुराचं ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) येतंय असं लिहिलंय. दोन्ही गोष्टींची मी कधीची वाट बघतेय.

पण याच ॲपमध्ये माझ्या चालू पुस्तकाची अकरा प्रकरणं आहेत. बटणावर बोट नेलं आणि मागे घेतलं. कुणी अशा चाचणीत भाग घेतलाय का? कामाच्या ॲपवर हा प्रयोग करावा का? आणि नाही जमलं तर सहज बाहेर पडता येतं का?

कच्चा_खर्डा

आधी अकराही प्रकरणांची प्रत ॲपच्या बाहेर काढा. मग बाकीचं बोलू.

पानगळ

मी तीन-चार ॲप्सच्या बीटात आहे, कधी काही त्रास झाला नाही. नवीन सोयी इतरांच्या आधी मिळतात. बिनधास्त व्हा सामील.

खिडकीपाशी

पानगळ, तुम्हाला त्रास झाला नाही याचा आनंदच आहे, पण 'बिनधास्त' या शब्दाला माझा ठाम विरोध आहे. माझ्या बाबतीत काय झालं ते सविस्तर लिहिते.

आईच्या लहानपणच्या आठवणी मी तिच्यासमोर बसून फोनवर टिपून घेत होते. साधारण चाळीस पानं झाली होती. ॲप असंच, लिहिण्याचं आणि स्कॅनिंगचं. बीटात शिरले, तीन आठवडे सगळं सुरळीत. मग एका अपडेटनंतर यादीतली नावं दिसायची, पण आत पान कोरं. मजकूर गेला नव्हता, नुसता दिसत नव्हता, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी घाबरले आणि प्ले स्टोअरवर 'बीटा सोडा' दाबलं. वाटलं, आता जुनी आवृत्ती परत येईल.

येत नाही. बीटा सोडलं तरी फोनवर बसलेली आवृत्ती तशीच राहते. जुनी हवी तर ॲप काढून टाकायचं आणि नव्यानं घ्यायचं. कारण मोठ्या क्रमांकाच्या आवृत्तीवर लहान क्रमांकाची आवृत्ती अँड्रॉइड बसू देत नाही. मी ॲप काढलं. त्याबरोबर ॲपच्या स्वतःच्या जागेत साठवलेलं सगळं पुसलं गेलं, चाळीसच्या चाळीस पानं. अँड्रॉइडची रीतच ती आहे, ॲप गेलं की त्याची खाजगी साठवणही जाते. ॲप काढलं नसतं तर पुढच्या अपडेटमध्ये ती पानं परत दिसली असती. बाकीच्यांची दिसली.

आईकडून पुन्हा ऐकलं, पुन्हा लिहिलं. पण पहिल्यांदा सांगताना ती जिथे जिथे थांबली होती, त्या जागा दुसऱ्यांदा आल्या नाहीत.

निळी_शाई

खिडकीपाशी, वाचून पोटात गोळा आला. माझ्या फायली नक्की कुठे आहेत हे मला खरंच माहीत नाही. कसं बघायचं?

खिडकीपाशी

सोपं आहे. ॲप बंद करा. फोनमधलं 'फाइल्स' उघडा आणि प्रकरणाचं नाव शोधा. डॉक्युमेंट्स किंवा डाउनलोड्समध्ये फाइल सापडली आणि दुसऱ्या एखाद्या ॲपनं उघडली, तर ती बाहेर आहे. सापडलीच नाही, तर ती ॲपच्या पोटात आहे असं धरून चाला. अँड्रॉइड ११ पासून एका ॲपच्या खाजगी जागेत दुसऱ्या ॲपला डोकावताच येत नाही, म्हणून शोधात ती दिसत नाही.

आणि क्लाउडशी जुळणी चालू असली तरी तिला बॅकअप समजू नका. जुळणी म्हणजे इथे बिघडलं की तिथेही बिघडणार. वेगळी प्रत काढा आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. उघडून बघितल्याशिवाय तिला प्रत म्हणू नका.

निळी_शाई

बघितलं. अकरापैकी सात प्रकरणं बाहेर आहेत. चार फक्त ॲपच्या आत, आणि त्यातलंच एक मी गेल्या आठवड्यात संपवलेलं. आत्ताच सगळी डॉक्स आणि साध्या टेक्स्ट अशा दोन्ही स्वरूपांत काढून लॅपटॉपवर उघडून बघितली. धागा काढला नसता तर मी हे केलंच नसतं.

टिपकागद

आयफोनवाल्यांसाठी भर घालतो. तिकडे बीटा चाचणी टेस्टफ्लाइट नावाच्या वेगळ्या ॲपमधून होते. निर्माता दुवा देतो किंवा ईमेलवर आमंत्रण पाठवतो. बाहेरचे परीक्षक जास्तीत जास्त १०,०००, आणि प्रत्येक बीटा आवृत्तीचं आयुष्य ९० दिवसांचं. नवी आवृत्ती आली नाही तर ९० दिवसांनंतर ॲप उघडत नाही. डॉक्युमेंट ॲपच्या बाबतीत हे ध्यानात ठेवाच, ऐन कामाच्या दिवशी दार बंद असायचं.

परतीचा रस्ता मात्र तिकडे जरा बरा आहे. ॲप स्टोअरमधली आवृत्ती बीटाच्या जागी थेट बसवता येते. पण बीटानं फाइल नव्या पद्धतीनं साठवली असेल तर जुन्या आवृत्तीला ती वाचता येईलच असं नाही. म्हणजे बॅकअपशिवाय तिथेही गत्यंतर नाही.

दोन_ओळी

मला मूळ कल्पनाच पटत नाही. वर्गणी भरून ॲप घ्यायचं, वर त्यातल्या चुकाही आपणच शोधायच्या, आपल्या वेळात आणि आपल्या मजकुरावर. चाचणी करणारी माणसं पगारावर ठेवावीत की.

कच्चा_खर्डा

दोन_ओळी, तुमचा मुद्दा रास्त आहे. मी ॲप बनवणाऱ्यांपैकी आहे, म्हणून पलीकडची बाजू मांडतो.

आमची तिघांची टीम आहे आणि टेबलावर बारा फोन आहेत. बाहेर हजारो प्रकारचे फोन आहेत, प्रत्येकाची मेमरी वेगळी, कळफलक वेगळा, अँड्रॉइडची आवृत्ती वेगळी. आम्ही तपासतो त्या फायली आम्हीच बनवलेल्या असतात. कुणी दहा वर्षं सांभाळलेली, पाच वेगवेगळ्या ॲप्समधून फिरून आलेली, तीनशे पानी फाइल आमच्याकडे नसते. पगारावर दहा परीक्षक ठेवले तरी ती फाइल त्यांच्याकडेही नसणार. ती निळी_शाईंकडे असते.

प्ले स्टोअरवर चाचणीच्या तीन पायऱ्या असतात. आतली चाचणी १०० जणांपर्यंत, मग बंद चाचणी ठरावीक लोकांसाठी, मग खुली. धाग्यातली ही तिसरी, खुली. म्हणजे ॲप बहुधा आधीच काही हातांतून गेलेलं असणार. शिवाय नवख्या एकट्या निर्मात्यांना तर परीक्षकांशिवाय पुढे सरकताच येत नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खातं काढलेल्या निर्मात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी बंद चाचणी करावीच लागते. आधी २० परीक्षक लागत, २०२४ च्या डिसेंबरात ते १२ केले, आणि ते सलग १४ दिवस टिकून राहावे लागतात. बारा अनोळखी माणसं दोन आठवडे धरून ठेवणं किती अवघड आहे ते मी अनुभवलंय. म्हणून कुणी मनापासून चाचणी करतं तेव्हा त्याची किंमत आम्हाला फार वाटते.

दोन_ओळी

एकट्या निर्मात्याचं पटलं. त्याला मदत करावी, मीही करेन. मोठ्या कंपनीबद्दल माझं मत तेच आहे.

दुसरी शंका. डॉक्युमेंट ॲप म्हणजे काही खेळ नव्हे. त्यात करारनामे असतात, ओळखपत्रांचे स्कॅन असतात, दवाखान्याचे कागद असतात. बीटा आवृत्ती जास्त नोंदी गोळा करते म्हणतात. त्या नोंदींबरोबर माझा मजकूर गेला तर?

कच्चा_खर्डा

शंका अगदी योग्य. ॲप कोसळल्यावर जो अहवाल जातो त्यात साधारणपणे फोनचं मॉडेल, आवृत्ती आणि कोडमध्ये कुठे अडलं त्याचा माग असतो. मजकूर जायला नको. पण फाइलचं नाव नोंदीत येऊ शकतं, आणि नावातच 'अमक्याचा करारनामा' असं असलं तर तेही गेलंच. बीटा घेताना दाखवलेल्या अटी वाचा आणि सेटिंग्जमध्ये बिघाडाच्या नोंदी पाठवणं बंद करण्याचा पर्याय आहे का बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चूक दाखवायला खरी फाइल कधीच पाठवू नका. तिची प्रत घ्या आणि मजकूर कमी करत जा. अर्धा काढा, चूक अजून दिसते का बघा. पुन्हा अर्धा काढा. शेवटी दोन-तीन ओळी उरतात. त्या ओळींत खाजगी काही असेल तर शब्द बदला. अशी फाइल आली की आमचं निम्मं काम झालेलं असतं.

रानवाट

अवांतर: 'बीटा' म्हणजे थोड्या दिवसांची गोष्ट असं समजू नका हं. जीमेल एप्रिल २००४ मध्ये आलं आणि त्याच्या नावापुढचा बीटा जुलै २००९ मध्ये निघाला. पाच वर्षं!

पानगळ

खिडकीपाशी, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री मी सगळ्या फायली बाहेर काढल्या. 'बिनधास्त' मागे घेतो.

आणखी एक. बीटात असताना प्ले स्टोअरवर लिहिलेला अभिप्राय सगळ्यांना दिसत नाही, तो फक्त निर्मात्याकडे जातो. मी दोन महिने तिथे लिहीत होतो आणि कुणी उत्तर का देत नाही असं मित्रांना विचारत होतो.

मुद्रितशोधक

निळी_शाई, ओसीआर आणि पीडीएफचं नाव काढलंत म्हणून लिहितो. माझा पंचवीस वर्षांचा धंदा प्रुफं वाचण्याचा. मला वाटतं मराठी लिहिणाऱ्यांनी अशा चाचण्यांमध्ये जायलाच हवं, कारण आपल्या लिपीतल्या काही चुका दुसऱ्या कुणाला दिसणारच नाहीत.

'दऱ्या' आणि 'दर्या' घ्या. एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र. 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक्याला, 'आचार्याला' म्हणजे गुरूला. फरक फक्त अर्धा र आणि रफार यांचा. आता हा अर्धा र संगणकात दोन पद्धतींनी लिहिला जातो आणि युनिकोडला (संगणकात अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीला) दोन्ही चालतात. एक पद्धत म्हणजे त्यासाठीचं वेगळं अक्षर, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. कोणता कळफलक कोणती पद्धत वापरतो ते लिहिणाऱ्याला कळतही नाही.

गंमत पुढे आहे. फाइल 'साफ' करताना काही ॲप्स न दिसणारी चिन्हं कचरा समजून उडवतात. जोडचिन्ह उडालं की र, हलन्त, य एवढंच उरतं आणि त्याचा होतो रफार. तुमच्या डोंगरातल्या 'दऱ्या' चा 'दर्या' होतो. शुद्धलेखन तपासणी गप्प बसते, कारण 'दर्या' हाही खरा शब्द आहे. देवनागरी न वाचणाऱ्या परीक्षकाला तर पान सुरेख दिसतं.

शोधातही हाच घोळ. एका पद्धतीनं लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीनं शोधला तर बरीच ॲप्स 'सापडला नाही' म्हणतात. पुस्तकभर एखादं नाव बदलायचं असेल तर अर्ध्या जागा सुटतात आणि कळतही नाही.

सांजदिवा

मुद्रितशोधक, फार उपयोगी माहिती. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला की अक्षरं इकडची तिकडे होतात, ते याच कारणानं का?

मुद्रितशोधक

नाही, ते निराळं. पीडीएफमध्ये मुळात अक्षराचा आकार आणि त्याची पानावरची जागा साठवलेली असते. कोणता आकार म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता सोबत असावा लागतो. तो नसला किंवा अर्धवट असला की छापील पान नीट, कॉपी केलेलं मात्र विस्कटलेलं. ऱ्हस्व वेलांटी हमखास चुकते, कारण ती दिसते अक्षराच्या आधी आणि लिहायची असते नंतर. बीटात पीडीएफ एक्स्पोर्ट सुधारलाय म्हणतात ना, तर पहिली चाचणी हीच करा. पीडीएफ बनवा, त्यातला एक परिच्छेद कॉपी करा आणि साध्या टिपणवहीत चिकटवा.

रानवाट

माझ्याकडे जुन्या फाँटमधल्या, युनिकोडच्या आधीच्या फायली आहेत. त्या अशा ॲपमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. ही चूक कळवू का?

कच्चा_खर्डा

ती ॲपची चूक नाही. त्या फाइलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरं आहेत, फाँट फक्त त्यांना देवनागरी चेहरा देत होता. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. पण अशी फाइल उघडताना ॲप कोसळत असेल तर मात्र जरूर कळवा.

टिपकागद

चूक कळवायची कशी हेही कुणीतरी लिहा. 'ॲप चालत नाही' एवढंच लिहून उपयोग नाही ना?

कच्चा_खर्डा

तसे निरोप रोज येतात आणि आम्ही हताश होतो. मला आजवर मिळालेला सगळ्यात चांगला निरोप चार वाक्यांचा होता. "आवृत्ती अमुक, फोन अमुक. टेबल असलेली फाइल उघडली, फोन आडवा केला, टेबलात टाइप केलं, फोन उभा केला. आडवा असताना लिहिलेले शब्द गेले. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा गेले." वीस मिनिटांत चूक सापडली. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि पुन्हा केल्यावर पुन्हा झालं का, एवढं पुरे. पडद्याची छोटी चित्रफीत जोडली तर सोन्याहून पिवळं.

निळी_शाई, अजून एक. तुमच्याकडे जुना फोन असेल तर चाचणी त्यावर करा, पण त्यात *वेगळं गूगल खातं* घाला. बीटाची नोंदणी फोनची नसते, खात्याची असते. तेच खातं दोन्हीकडे असेल तर कामाच्या फोनवरही बीटाच येऊन बसेल.

खिडकीपाशी

हे मलाही माहीत नव्हतं! अनेक आभार.

दोन_ओळी

जुना फोन, वेगळं खातं, बनवलेल्या फायली. एवढं केलं तर माझा विरोध उरत नाही. मुद्रितशोधकांचा प्रतिसाद वाचून मीही एका लहान ॲपच्या चाचणीत नाव घातलं. तिथे मराठी लिहिणारी मी एकटीच आहे असं निर्मात्यानं कळवलंय.

निळी_शाई

तीन आठवड्यांनी परत आलेय, उशिराबद्दल क्षमस्व. पुस्तकात अडकले होते.

जुन्या फोनवर नवं खातं घातलं आणि बीटात शिरले. अपडेट लगेच दिसलं नाही, काही तासांनी आलं. सातव्या प्रकरणाची प्रत नेली, कारण त्यात घाटातला प्रवास आहे आणि 'दऱ्या' शब्द पुष्कळदा येतो. पीडीएफ बनवली. पहिल्या चार पानांवर दऱ्या जशाच्या तशा. पाचव्यापासून 'दर्या'. मुद्रितशोधक, मी अक्षरशः ओरडले! पहिली चार पानं मी टॅबवर लिहिली होती, पुढची फोनवर. दोन कळफलक, दोन पद्धती. तुम्ही सांगितलं नसतं तर चार पानं नीट आणि पुढची बिघडलेली का, हे मला जन्मात उलगडलं नसतं.

मग अर्ध्या-अर्ध्यानं कमी करत दोन ओळींची फाइल केली. पहिल्या ओळीत एका पद्धतीनं लिहिलेला 'दऱ्या', दुसऱ्या ओळीत दुसऱ्या पद्धतीनं. त्याखाली इंग्रजीत लिहिलं की या दोन्ही ओळी सारख्या दिसायला हव्यात आणि रफार आला तर अर्थ बदलून समुद्र होतो. पाचव्या दिवशी उत्तर आलं. त्यांच्याकडे देवनागरी वाचणारं कुणी नाही, आणि न दिसणारी चिन्हं उडवणारी एक पायरी त्यांनी याच बीटात नव्यानं घातली होती. म्हणजे ही चूक मूळ आवृत्तीत अजून पोचलेलीच नव्हती. परवाच्या अपडेटमध्ये एक्स्पोर्ट दुरुस्त झालाय. शोध अजून एकाच पद्धतीचे शब्द दाखवतो, तो दुसरा निरोप काल पाठवला.

मराठी ओसीआरबद्दल: स्वच्छ छापील पानावर छान चालतं. जुन्या पिवळ्या पानावर अनुस्वार गळतात आणि 'ध' चा 'घ' होतो. त्याचेही नमुने जमवतेय.

कामाचा फोन मात्र मूळ आवृत्तीवरच आहे आणि पुस्तक संपेपर्यंत तिथेच राहील.

खिडकीपाशी

वाचून फार बरं वाटलं. अकराही प्रकरणांची प्रत ताजी आहे ना?

निळी_शाई

रोज संध्याकाळी काढते. आता बारा झालीत.

मुद्रितशोधक

उत्तम काम केलंत. त्यांना अजून शब्द पाठवायचे असतील तर जोड्या देतो: चऱ्या आणि चर्या, भाऱ्यांना आणि भार्यांना, आचाऱ्यांनी आणि आचार्यांनी. आणि नुसता य तपासून भागणार नाही. 'ह' च्या आधीही हा र येतो: तऱ्हा, गोऱ्हा, ऱ्हास. 'ऱ्हास' मध्ये तर शब्दाची सुरुवातच त्यानं होते, तिथे काय होतं ते मला बघायचंय.

निळी_शाई

'ऱ्हास' आत्ता करून बघितलं. शब्द आधीच्या मोकळ्या जागेसकट तुटून पुढच्या ओळीवर जातोय. तिसरा निरोप लिहायला बसते.